माननीय रक्तपेढी प्रोग्रॅम यांस

निरोप पोचण्यापेक्षा तो रीतसर निघणं महत्त्वाचं, हे ज्या संस्थेला कळलं तिची प्रगती कोणी अडवू शकत नाही. त्या इस्पितळाला ते कळलं होतं.

तिथे एका भिंतीच्या अलीकडे ऑपरेशनांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम होता आणि पलीकडे रक्तपेढीचा साठा सांगणारा. दोघांची बोलाचाल नव्हती. (दोन्ही विभागप्रमुखांचीही नव्हती, पण तो योगायोग.) भिंतीत एक खिडकी होती. अकरा वर्षं नर्स तिच्यातून विचारायची आणि रक्तपेढीतली ताई उत्तर द्यायची. ही पद्धत मागासलेली ठरली, कारण तिचा एकही अहवाल निघत नसे.

काम प्रोग्रॅमर बाईंकडे आलं. त्यांनी ते एका दुपारीत उरकलं. एका प्रोग्रॅमने विचारायचं, अमुक गटाचं रक्त आहे? दुसऱ्याने सांगायचं, आहे किंवा नाही. बाई स्वतःवर खूश झाल्या. ही त्यांची पहिली चूक.

मग सात जणांची समिती बसली.

"हे उद्धट वाटतं," रक्तपेढीचे प्रमुख म्हणाले. "आमच्या प्रोग्रॅमला असं तोंड वर करून विचारायचं?"

"साहेब, तो प्रोग्रॅम आहे."

"आमचा आहे."

निरोपात 'माननीय' आलं. दोघांपैकी आधी माननीय कोणी म्हणायचं, यावर चार बैठका झाल्या. ऑपरेशनवाल्यांना पोच हवी होती; रक्तपेढीला त्या पोचेची पोच. 'नाही' हा शब्द कटू म्हणून गेला, त्याजागी 'विचाराधीन' बसला. 'आहे' म्हणण्यात जबाबदारी येते हे ध्यानात आल्यावर तेही विचाराधीन झालं. बाई दर बैठकीत मान डोलवत होत्या.

"अगं, एकदा नको म्हणून बघ की," घरी नवरा म्हणाला.

"बढतीची यादी लागायचीय," त्या म्हणाल्या.

उद्घाटन झालं. खिडकीवर फळी ठोकली. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या टेबलावर एका बाळंतिणीचं रक्त थांबेना. नर्सने बटण दाबलं. पडद्यावर 'माननीय' उमटलं, मग पोच, मग पोचेची पोच. नव्या व्यवस्थेवर नजर ठेवायला बाई तिथेच बसल्या होत्या. नर्सने त्यांच्याकडे पाहिलं. बाई उठल्या आणि दोन्ही मुठींनी फळी बडवू लागल्या.

"ताई, बी निगेटिव्ह आहे का?"

"चार पिशव्या आहेत. आणते."

बाळंतीण वाचली. चौकशीत व्यवस्था निर्दोष ठरली: निरोप पोचण्याचं प्रमाण शंभर टक्के. बाळंतिणीचा उल्लेख अहवालात नाही, कारण तिचं रक्त व्यवस्थेतून आलेलं नव्हतं. अनधिकृत माध्यमातून संपर्क साधल्याबद्दल बाईंकडे खुलासा मागितला आणि यादीतून त्यांचं नाव गेलं. खुलाशात त्यांनी एवढंच लिहिलं, 'हाक मारली. ओ आली.' त्यावर समिती अजून बसते आहे.

वाचकांना हे सारं हास्यास्पद वाटलं असेल. वाटू द्या. फक्त मघाशी आतल्या खोलीतून कोणी हाक मारली, तेव्हा आपण मान वर न करता 'आलोच' म्हणालात, त्याला आता किती वेळ झाला?