मैनाबाईंची दुसरी पिशवी

रक्त हा मानवी देहातला अत्यंत महत्त्वाचा द्रव असून तो मुख्यतः नाती ठरवण्यासाठी वापरला जातो. (प्राणवायू वाहून नेणं हे त्याचं दुय्यम काम.) मूर्तिजापूरच्या मैनाबाईंनी या विषयात जे मूलगामी कार्य केलं, त्याची दखल कोणी घेतली नाही, म्हणून हा प्रपंच.

मैनाबाईंचा मुलगा शिवम याचं लग्न बार्शीटाकळीला शिक्षिका असलेल्या दामिनीशी जवळपास ठरलं होतं. पत्रिका जुळली होती आणि मुलगा-मुलगी एकमेकांना आवडलीही होती. (ही बाब ऐच्छिक असते.) एवढ्यात मैनाबाईंच्या मोबाइलवर संदेश आला: नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर संसार लाभत नाही. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण शेवटी हात जोडलेले होते, म्हणजे माहिती अधिकृत. चौकशी झाली. शिवम बी निगेटिव्ह, दामिनीही बी निगेटिव्ह.

“एवढ्या दुनियेत तुले नेमकी तेच भेटली का?” मैनाबाई म्हणाल्या.

शिवमनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एकच गट असल्यानं काही बिघडत नाही. उलट निगेटिव्ह मुलीला निगेटिव्ह नवरा म्हणजे बाळंतपणातली एक काळजी मिटली. “डॉक्टरले लगनातलं काय समजते?” असा शेरा मारून मैनाबाईंनी लग्न मोडलं. मुलीची उगाच बदनामी नको म्हणून मोडण्याचं कारण सगळ्या सोयऱ्यांना सविस्तर कळवण्यात आलं. स्वतःचा मोबाइल नंबर विसरणाऱ्या माणसांनाही दामिनीचा रक्तगट पाठ झाला. शिवम घरात बोलेनासा झाला. मैनाबाईंनी त्याचं कारण उन्हाळा असं ठरवलं.

त्याच उन्हाळ्यात लोणच्याची बरणी उतरवताना मैनाबाई स्टुलावरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल. अंगात रक्त आधीच कमी आहे, दोन पिशव्या तयार ठेवा. रक्त तपासलं. बी निगेटिव्ह. (हे मैनाबाईंनाही नवीन होतं. चौकशी नेहमी मुलीकडची करायची असते.)

इथे रक्तपेढीची जातव्यवस्था थोडक्यात सांगणं भाग आहे. ओ निगेटिव्हच्या पेशी सगळ्यांना चालतात, पण त्याला स्वतःला दुसऱ्या कोणाचं चालत नाही. असा माणूस समाजात विरळाच. एबी पॉझिटिव्ह सगळ्यांकडून घेतो आणि देतो फक्त आपल्याच गटाला. (हा गट रक्तात कमी, सोयऱ्यांत जास्त आढळतो.) मैनाबाईंना बी किंवा ओ चाललं असतं, पण दोन्ही निगेटिव्हच हवं होतं.

दवाखान्यात आलेला गोतावळा एवढा मोठा होता की नर्सला वाट काढावी लागे. “रक्त कोण देणार?” असं तिनं विचारल्यावर ही अडचण दूर झाली. एका साडूला म्हशीचं दूध काढायचं आठवलं. दोघांना चक्कर आली, तीही एकाच वेळी. जे थांबले ते सगळे पॉझिटिव्ह निघाले, नवरा देवरावांसकट. शिवमनं एक पिशवी दिली. दुसरी अकोल्यात मिळेना; अमरावतीहूनही नकार आला. ऑपरेशन अडलं.

देवराव घरात फारसे बोलत नसत. ते म्हणाले, “एक पोरगी हाय ना. आपनच तर साऱ्याइले सांगतलं.”

आणि त्यांनी फोन लावला.

“पोरी, शिवमचा बाप बोलून राहिलो. कोन्या तोंडानं सांगू तुले...”

“काका, तोंडाचं राहू द्या. कोणत्या दवाखान्यात येऊ, ते सांगा.”

दामिनी एसटीनं आली, रक्त दिलं, ज्यूस प्यायली आणि निघाली. शिवम तिला स्टँडवर पोहोचवायला गेला. ते काय बोलले ते माहीत नाही. पण बार्शीटाकळीच्या बऱ्याच गाड्या तिला न घेताच गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. रक्त कोणाचं होतं हे कळल्यावर मैनाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, “बोलवा तिले.”

सगळ्यांना वाटलं, झालं एकदाचं. दामिनी आली. मैनाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि नवीन अडचण मांडली.

“तुह्यं रक्त आता माह्या अंगात हाय. म्हन्जे तू माही लेक झाली. शिवमची बहीन. भावा-बहिनीचं लगन कसं लावू, सांग.”

शिवम खाली बसला. युक्तिवादात खोट नव्हती.

तोडगा मैनाबाईंच्या थोरल्या भावानं, खुशालरावांनी काढला. (वयोमानामुळे ते रक्त देण्यास अपात्र, पण सल्ला देण्यास पात्र होते.) “मैने, लेक मायकडून रक्त घेते, देत नाही. हिनं देल्लं, ते हिच्या बापाचं. म्हन्जे हिचा बाप तुहा भाऊ झाला. अन् मामाच्या पोरीवर भाच्याचा हक पयला.”

मैनाबाईंनी विचार केला. मोबाइलवर याविरुद्ध काही आलेलं नव्हतं. त्यांनी संमती दिली.

“मी रक्त दिलं, वंशावळ नाही,” दामिनी म्हणाली. “पण असं म्हणून जमत असेल तर म्हणा. माझी एकच अट आहे. लग्नात आहेर नको. ज्याला द्यायचं त्यानं रक्त द्यावं.”

तसं पत्रिकेत छापलं गेलं. मंडपाच्या कोपऱ्यात पडदा लावून खाटा मांडल्या होत्या. वऱ्हाडी मंडळींनी या उपक्रमाचं मनापासून कौतुक केलं आणि तिथल्या कूलरसमोर बसून ज्यूस संपवला. पहिली पिशवी देवरावांनी दिली. पुढे बराच वेळ दुसरी भरली नाही.

आता तुम्ही मैनाबाईंना हसत असाल. हसा. तुम्ही शिकलेले आहात. तुमचा रक्तगट तुम्हाला ठाऊक आहे, लायसनवर छापलेलाच आहे. तो तिथे कसा आला, तेवढं फक्त आठवून पाहा. एजंटनं विचारलं होतं, “रक्तगट काय टाकू?” आणि तुम्ही म्हणाला होतात, “टाक कोणताही.”