आप्पांची दूरदृष्टी

"माझं म्हातारपण मी केव्हाच इस्त्री करून, घडी घालून ठेवलंय! आता फक्त काढायचं आणि अंगात घालायचं!"

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत हे वाक्य रोज एकदा तरी ऐकू यायचं. बोलणारे अर्थातच हिशेबीकाका. परदेशात येऊन या गृहस्थाचं अर्धं आयुष्य चादरींच्या वाफेत गेलं होतं. खरं नाव पगार देणाऱ्यालाच काय ते ठाऊक. बाकी सगळे हिशेबीकाका म्हणायचे, कारण हा माणूस चहात साखर घालतानासुद्धा म्हातारपणाचा विचार करायचा! पगारातून पेन्शनचे पैसे कापले गेले की इतरांची तोंडं उतरायची आणि काकांची कळी खुलायची. मग ज्याला त्याला गाठून विचारायचे, "तू म्हातारपणासाठी काय करतोस रे? काहीच नाही? मर मग!"

पेन्शनचा नियम साधा होता. साठी पूर्ण झाली की पूर्ण पेन्शन. त्याआधी हात लावला तर निम्म्यावर पाणी सोडायचं. आणि काकांना यंदा साठावं संपत होतं.

काकूंना पेन्शनशी देणंघेणं नव्हतं, त्यांना घरी जायचं होतं. त्यांची आई गावी एकटी होती आणि पार थकली होती. दर फोनवर एकच प्रश्न, "कधी येतेस गं?" काकू इतकी वर्षं "आलेच हं" म्हणत आल्या होत्या की आता म्हणताना त्यांचा त्यांनाच राग यायचा.

वाढदिवसाला काकूंनी काहीतरी गोडाचं केलं. ते पोटात जिरायच्या आत काकांनी राजीनामा ठोकला!

निरोपसमारंभ तळघरातच झाला. सगळ्यांनी वर्गणी काढून काकांना एक आरामखुर्ची दिली. काका गहिवरले. दोन शब्द बोलायला म्हणून उभे राहिले आणि तिसऱ्या शब्दाला सुपरवायझरवर घसरले.

"या माणसाला शर्टाची कॉलर कुठली आणि बाही कुठली हे अजून कळलेलं नाही! पेन्शनकडे बघून गप्प बसलो, नाहीतर याला कधीच मशिनीत घालून पिळला असता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुपरवायझरनेही टाळ्या वाजवल्या. जरा सावकाश वाजवल्या, पण वाजवल्या.

इकडे खोलीत आवराआवर. पलंग शेजारणीला गेला, भांडी वरच्या मजल्यावर गेली. काकूंनी शिलाई मशीनवरून शेवटचा हात फिरवला, डोळे पुसले आणि तेही देऊन टाकलं. विमानाची दोन तिकिटं आली. उरली ती आरामखुर्ची आणि भिंतीवर आप्पांचा, म्हणजे काकांच्या वडिलांचा फोटो. रिकाम्या खोलीत खोकला आला तरी दोनदा ऐकू येत होता.

मग दोघं नवेकोरे कपडे घालून पेन्शन ऑफिसात गेले. खिडकीमागच्या बाईंनी कॉम्प्युटरकडे बघितलं, काकांकडे बघितलं.

"तुम्ही तीन वर्षं लवकर आलात."

"लवकर? अहो, साठ पूर्ण झाली मला!"

"सत्तावन्न."

काका हसले. "बाई, माझ्या गुडघ्यांना विचारा!"

"गुडघ्यांची नोंद आमच्याकडे नसते. पासपोर्टवर सत्तावन्न आहेत."

काकांनी टोपी काढून टक्कल दाखवलं. आ वासून पडलेल्या दाढा दाखवल्या. शेवटी रांगेतल्या एका म्हाताऱ्याला साक्षीला ओढलं. "तुम्हीच सांगा हो, मी सत्तावन्नचा दिसतो?"

"छे! सत्तरचे दिसता," तो भला माणूस म्हणाला.

आणि एकदम काकांचा आ तसाच राहिला. "आप्पा!"

तर मंडळी, आप्पा हा फार दूरदृष्टीचा माणूस. पोराला शाळेत घालायलाच मुळी उशीर झाला, पोरगा चांगला आठ वर्षांचा घोडा झालेला. आप्पांनी मास्तरांना ठोकून सांगितलं, "पाचाचा आहे!" पोरगा किडकिडीत, त्यामुळे खपून गेलं. का, तर उद्या सरकारी नोकरीत लागला की तीन वर्षं जास्त नोकरी करता येईल! पोराला सरकारी नोकरी काही लागली नाही. पण ती तारीख दाखल्यावरून पासपोर्टवर चढली आणि पासपोर्टबरोबर विमानात बसून इथवर आली. काका ती तारीख पाढ्यासारखी लिहीत राहिले आणि वाढदिवस मात्र खऱ्या तारखेला करत राहिले. जन्मभर जगाचे हिशेब करणाऱ्या या माणसाने ही दोन वयं कधी शेजारी मांडून बघितलीच नव्हती.

"द्या मग निम्मं!" काका खिडकीवर मूठ आपटत ओरडले. "निम्मं तर निम्मं! मला घरी जायचंय!"

"अहो, थांबा."

"तू मध्ये बोलू नकोस!"

"बोलणार!" काकू म्हणाल्या. "कागदावर मी अठ्ठावन्नची आहे. म्हणजे तुमच्याहून मोठी. आजपासून माझं ऐकायचं."

खिडकीमागच्या बाईंना हसू आलं. काकूंना नाही आलं.

"निम्म्यात आपलं दोघांचं आणि आईच्या औषधाचं कसं भागायचं? तुम्ही परत कामावर जा. मी माझ्या तिकिटावर जाते पुढे. आईला अजून तीन वर्षं थांब म्हणायची माझी हिंमत नाही हो."

काकांनी खिडकीवरची मूठ काढून घेतली. टोपी परत डोक्यावर चढवली आणि होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तळघरात सुपरवायझर दारातच उभा होता. "या, या! कॉलर कुठली ते दाखवायला आलात वाटतं?"

काकांनी मान खाली घातली. इस्त्रीवर दुसरा माणूस लागला होता. आता फक्त मळक्या चादरी भिजवायच्या हौदावर जागा होती. "चालेल," काका म्हणाले. मग चाचरत विचारलं, "साहेब, ती खुर्ची... परत आणू का?"

"राहू द्या. तीन वर्षांनी कोण पुन्हा वर्गणी काढतंय!"

विमानतळावर काकूंनी सूचनांचा पाऊस पाडला. गॅस बंद करा, ओल्या पायांनी झोपू नका. "आणि जपून राहा. तुमचं वय काही आता..." एवढं बोलून त्या थांबल्या आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

पलंग नसल्यामुळे काका खुर्चीतच झोपले. सकाळी फोन वाजला. काकू पोचल्या होत्या. मागून सासूबाईंचा थरथरता आवाज आला, "आणि जावईबापू कुठे आहेत?"

"ते अजून लहान आहेत, आई," काकू म्हणाल्या आणि रडू लागल्या.

काकांनी फोन ठेवला. कामाची वेळ झालीच होती. चप्पल घालता घालता त्यांनी भिंतीवर बघितलं. आप्पा फोटोतून मोठ्या समाधानाने बघत होते.

"मिळाली बरं का, आप्पा," काका म्हणाले. "तीन वर्षं जास्त मिळाली!"