शववाहिकेची ऑर्डर

शववाहिका भलतीकडेच शिरली हे चालकाच्या ध्यानात आलं, तोवर मागच्या सगळ्या गाड्याही तिच्यामागे आत शिरल्या होत्या. पुढचा रस्ता खणलेला होता. लाल फडकं धरलेल्या मजुराने हात डावीकडे केला आणि चालकाने पहिलं डावं वळण दिसलं तिथे चाक फिरवलं. तो रस्ता नव्हताच. गाडीत बसूनच बर्गर मागवायचा आणि पुढच्या खिडकीतून घेऊन जायचा, त्यासाठी केलेली ती वाट होती. दोन्ही बाजूंना कठडा, समोर आडवा दांडा.

सकाळीच गाडीच्या मालकाने चालकाला बजावलं होतं, "आणखी एका घरची तक्रार आली की किल्ली टेबलावर ठेवायची आणि घर गाठायचं." मागच्या खेपेला तो पत्ता चुकला होता. त्याआधीच्या खेपेला ऐन स्मशानात त्याच्या फोनवर नाचाचं गाणं वाजलं होतं. केस पिकलेल्या माणसाच्या हातात आता दुसरी गाडी कोण देणार?

शेजारी मास्तरांची बायको बसली होती. मास्तर मागे, फुलांखाली. कालपासून बाई रडली नव्हती, बोलली नव्हती, तिने घासही घेतला नव्हता. समोरच्या काचेकडे बघत नुसती बसून होती.

खांबावरचा स्पीकरचा डबा बाईच्या आवाजात बोलला, "नमस्कार! आज काय घेणार?"

"काही नको, ताई. वाट चुकलोय. तेवढा दांडा उघडा."

"ऑर्डर घेतल्याशिवाय उघडत नाही, सर. मशीनच तसं आहे. किती जण आहात?"

"तिघं," चालक बोलून गेला. "म्हणजे दोघंच. तिसऱ्यांना धरू नका."

"त्यांना नंतर भूक लागली तर?"

"नाही लागायची."

तेवढ्यात मागच्या गाडीतून थोरला मुलगा तरातरा आला. "अहो, काय चालवलंय हे? आत वडील आहेत आमचे, पार्सल नाही!"

"चुकलं, साहेब. पण मागे घ्यायची तर..."

थोरल्याने मागे पाहिलं. काका, मावशी, शाळेतले बाकीचे मास्तर, सगळ्यांच्या गाड्या दिवे लावून एकीला एक चिकटून उभ्या. त्यांच्यामागे भुकेली गिऱ्हाइकं हॉर्न बडवत होती. कुणीतरी ओरडलं, "ओ पुढचे, उरकता का जरा? मेला का काय तिथे कोणी?"

"मालकाचा नंबर द्या तुमच्या," थोरला दात खात म्हणाला. नंबर गाडीवरच मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. चालकाने मुकाट्याने बोट दाखवलं.

"सर, काय देऊ?" डबा विचारत होता.

"लवकर होईल ते द्या. फ्राईज द्या एक."

"दोन," शेजारून आवाज आला. "आणि एक बर्गर. चीज घालून."

"आई!" थोरला किंचाळला.

"ओरडू नकोस. इथूनच जायचे मी रोज, यांचा डबा घेऊन. एकदा म्हटलं, आत जाऊ या. तर म्हणाले, असलं खायला घरात चूल विझलीय का? झालं, परत विषय काढायची सोय नाही." तिने वळून मागच्या फुलांकडे पाहिलं. "आज मात्र काही बोलत नाहीत हो." आणि मग तिला रडू फुटलं.

"सॉस जास्त देऊ का?" डब्याने विचारलं.

"द्या," ती हुंदके देत म्हणाली.

मशीनपुढे मागच्या गाड्यांतल्याही कुणाचं काही चालेना. काकांनी आधी नुसता चहा मागितला, पण मावशीने बर्गर सांगितलेला ऐकून त्यांनीही सांगितला. खिडकीतली टोपीवाली मुलगी प्रत्येक गाडीला "मजेत खा!" म्हणत होती आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं मान खाली घालून पिशव्या घेत होती.

दांडा ओलांडून शववाहिका कडेला थांबली. थोरला कानाला फोन लावून खिडकीपाशी आला. चालकाने किल्ली मुठीत घट्ट धरली. आईने फ्राईजचा पुडा बाहेर धरला. "कालपासून तूही उपाशी आहेस. खा दोन, मग कर तक्रार."

थोरल्याने एक उचलला. मग दुसरा. फोनमधून मालकाचा आवाज येत होता, "हॅलो? बोला! आमच्या माणसाने काही घोळ घातला का?"

थोरला चावत राहिला. आईकडे बघितलं, चालकाकडे बघितलं.

"घोळ नाही," तो म्हणाला. "स्मशानात कळवा, जरा उशीर होईल."

"का हो?"

"काकांचा सॉस राहिलाय."