कंडिशनरवाले सामंतकाका

सामंतकाका माणसाचा चेहरा शेवटी बघतात, आधी केस. कोपरीतल्या आमच्या इमारतीत लिफ्टचं दार उघडलं की पहिला प्रश्न येतो, "काल कंडिशनर लावलं नाहीत ना?" त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नाही.

त्यांची सगळी नोकरी डोंबिवलीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. केसांच्या बटा धुवायच्या, कंडिशनर लावायचं, ओल्या असतानाच विंचरायच्या आणि कंगवा कुठे अडतो ते बघायचं. निवृत्त झाल्यावर बटा सुटल्या, शेजारी सापडले.

"चार्ज बघा, चार्ज!" हे त्यांचं पालुपद. केसांवर ऋणभार असतो, कंडिशनरमधल्या कॅटायनिक सर्फॅक्टंटवर, म्हणजे केस मऊ करणाऱ्या द्रव्यावर, धनभार. म्हणून धुतल्यावरही ते केसाला धरून राहतं. वेळ वाचवायला मी एकदा शॅम्पू आणि कंडिशनर एकाच बाटलीत ओतलं. हे कळल्यावर काकांनी आठवडाभर अबोला धरला. मग न राहवून म्हणाले, "अहो, शॅम्पू ऋण, कंडिशनर धन. ते एकमेकांनाच मिठी मारून बसणार. तुमच्या केसांना विचारतंय कोण?"

गेल्या महिन्यात त्यांच्या पत्नी, सुधाकाकू, बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळल्यावर कमरेपर्यंतच्या केसांचा पार गुंता झाला. माजिवड्याहून मुलगी आली ती कात्री घेऊनच.

"बाबा, कापूया. आईला त्रास होतोय."

काकूंनी फक्त मान भिंतीकडे वळवली.

"संध्याकाळपर्यंत थांब," काका म्हणाले.

दुपारी मी आमटी द्यायला गेले. काका उशाशी स्टुलावर बसलेले. उशीवर प्लास्टिक, शेजारी तांब्या, हातात रुंद दातांचा कंगवा. एकेक बट घेऊन टोकाकडून वर विंचरत होते.

"जिथे केस जास्त दुखावलेला, तिथे ऋणभार जास्त. कंडिशनर आधी तिथेच जाऊन बसतं."

"व्याख्यान नको. ओढतंय," काकू म्हणाल्या.

"मी आयुष्यभर हेच केलंय, सुधा."

"हो. दुसऱ्यांच्या केसांचं."

कंगवा आणखी हळू चालू लागला.

संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात काका. माझ्या केसांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"सुटला गुंता. लेकीने कात्री पर्समध्ये ठेवली," ते म्हणाले आणि घुटमळले. "पण कंपनीतल्या बटांना वेणी घालावी लागत नसे हो."

त्यांनी खिशातून परकराच्या तीन नाड्या काढल्या आणि आमच्या दाराच्या कडीला बांधल्या.

"यांच्यावर शिकवा. तिच्या केसांवर चुकायचं नाही मला."