पलंगाच्या पायातला भुंगेरा

साळवे सर कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीला कान लावायचे. घरचे लोक 'या, बसा' म्हणेपर्यंत त्यांनी चौकटीवर दोनदा टकटक केलेली असायची. मग "आतून किडलीय" किंवा "ठणठणीत हाय" असा निकाल, आणि त्यानंतर नमस्कार. सिडकोतल्या आमच्या गल्लीत मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की सरांना कुणी कळू देत नसे.

ते कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. मुलांना बेडूक फाडायला बसवायचे आणि स्वतः बाकांच्या फळ्या तपासत फिरायचे.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होतो. तिथं परदेशी मशिनं पाइनच्या खोक्यांतून यायची. ती खोकी फोडून निम्म्या गल्लीचे पलंग झाले होते, त्यात आमचाही. एका रविवारी सर चहाला आले, पलंगाच्या पायाला कान लावला आणि चहा गार झाला तरी उठेनात.

"वहिनी, पलंग हलवू नका."

"अहो, मग झोपायचं कुठं?"

"खाली झोपा. लई मोठं काम हाय."

तीन आठवडे आम्ही खाली झोपलो. पायाच्या मागं सालीचा एक पट्टा राहून गेला होता. त्याखाली तांदळाच्या कणीएवढे तपकिरी भुंगेरे निघाले. सरांनी भिंगातून त्यांच्या अंगावरचे केससुद्धा मोजले. एकाही पुस्तकात त्यांची नोंद नव्हती. म्हणजे नवी प्रजाती. तिचं रीतसर वर्णन लिहून नाव ठेवायचा मान सरांचा. 'सापडल्याचं ठिकाण' म्हणून वर्णनात आमच्या पलंगाचा डावा पाय गेला आणि बायकोनं ते माहेरी पत्रानं कळवूनही टाकलं.

ते दिवस नामांतराचे. शहरात आज मोर्चा, तर उद्या बंद. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून सर घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे. भुंगेऱ्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'धुरपता'. विभागप्रमुख म्हणाले, परदेशी लोकांची जीभ वळायची नाही, एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव द्या, नाहीतर मी सही करणार नाही. "नाव बदलणार नाय," सर म्हणाले. लेख दोन वर्षं खणात पडून राहिला. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तोच भुंगेरा सापडून त्यानं आधी नाव छापलं असतं, तर धुरपता कायमची गेली असती.

मी त्यांना चिडवलं, "सर, सकाळी रस्त्यावर 'नाव बदला' आणि दुपारी कॉलेजात 'नाव बदलणार नाय'. काहीतरी एक ठरवा."

सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून सालीचा तुकडा काढला. आतल्या बाजूला एक सरळ रेघ होती आणि तिला दोन्हीकडं बारीक फाटे.

"ह्यो मधला रस्ता मादीनं खोदला. कडंनं अंडी घातली अन् तिथंच मेली. फाट्यांनी पोरं गेली, आपापल्या वाटंनं." मग म्हणाले, "धुरपता माझी माय. दुष्काळात वैजापूरच्या रस्त्याला खडी फोडली तिनं. हजेरीपटावर बापाचं नाव, अन् म्होरं 'सोबत बायको'. तिचं नाव कुठंच लिवलेलं नाय. दोन्ही मागण्या एकच हायत, भाऊ."

मला माझीच लाज वाटली.

पुढं नवे विभागप्रमुख आले. त्यांनी न वाचताच सही केली. छापील अंक हाती पडला त्या दिवशी सर चौकटीला कान न लावता थेट घरात शिरले. "वाचा," म्हणाले.

मी अडखळत वाचलं. मागं लॅटिन शेपूट होतं, पण धुरपताच.

"मोठ्यानं वाचा."

मोठ्यानं वाचलं.

"अजून एकदा."

बायको चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सर जमिनीवर बसले होते, पलंगाच्या डाव्या पायाला कान लावून, तोंड भिंतीकडं करून. त्या पायात आता काहीच उरलेलं नव्हतं, आणि ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बायकोनं चहावर बशी झाकली आणि मी चौथ्यांदा वाचायला घेतलं.