चार कलशांचं इंजिन

"दसऱ्याला माझी गाडी डरकाळी फोडत गेटबाहेर पडणार! लिहून घ्या!" असं हर्षद कुबलने सोसायटीच्या सभेत उभं राहून ठणकावलं, तेव्हा टाळ्या एकाच माणसाने वाजवल्या. तो माणूस हर्षदच होता.

गाडी लाल, बुटकी आणि एके काळी भलतीच पळणारी. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर पळून पळून दमली होती बिचारी. पेट्रोलच्या बरोबरीने ऑइल प्यायची, आणि सुरू केली की मुलुंडच्या त्या अख्ख्या गल्लीतले डास मरायचे. शहाण्या माणसाने ती विकली असती. हर्षद विमा कंपनीत होता, पण पावसाळाभर मोबाइलवर इंजिनांचे व्हिडिओ बघून तो आता मनाने मेकॅनिक झाला होता. इंजिन घरीच खोलायचं, जुना माल फेकायचा आणि आत तगडे पार्ट घालायचे, असं त्याने ठरवलं. घडीव पिस्टन, जाडजूड कनेक्टिंग रॉड, सगळं एकदम झकास!

"ताकद दीडपट होणार, जान्हवी!"

"आणि एवढ्या ताकदीने जायचं कुठे?" बायकोने विचारलं.

"प्रश्न जायचा नसतो गं!"

"मग रिक्षा काय वाईट आहे?"

अशा बायकोपुढे बोलून काय उपयोग? पण सोसायटीचे सेक्रेटरी सुबोध नाडकर्णी यांच्यापुढे बोलणं भाग होतं. बंद गाडीला पार्किंग नाही, हा सोसायटीचा नियम. हर्षदच्या जागेवर यज्ञेश दळवीचा कधीपासून डोळा होता, कारण त्याने बुक केलेली नवी गाडी दसऱ्यालाच येणार होती. "हे बघा कुबल," सुबोधराव म्हणाले, "दसऱ्याच्या दिवशी गाडी गेटबाहेर जाऊन परत आपल्या जागेवर लागली पाहिजे. नाहीतर जागा दळवींची."

आणि जान्हवीचं तर आधीच ठरलेलं होतं. जागा गेली की गाडी भंगारात. रस्त्यावर उभी करून रोज दंड कोण भरणार?

तर असं ते इंजिन चार हमालांच्या खांद्यावरून वर आलं आणि जेवायच्या टेबलावर बसलं. घरचे जमिनीवर पंगत मांडून जेवू लागले. हॉलमध्ये झाडू मारायला बंदी! फोडणीला बंदी! पंख्याला बंदी! "धुळीचा एक कण आत गेला तरी वाट लागेल," असं हर्षद आल्यागेल्याला बजावायचा. स्वतः डोक्याला आंघोळीची टोपी घालूनच तो टेबलाजवळ जायचा.

हे सगळं नलिनीआत्या कॉटवरून बघत होती. आत्या मूळची मालवणची. हर्षदला तिनेच वाढवलेलं आणि फ्लॅटही तिच्याच नावावर, त्यामुळे तिच्या शब्दाबाहेर जायची घरात कोणाची छाती नव्हती.

"झिला, माझ्या देव्हाऱ्याक इतक्या सोवळा नाय रे!" ती एकदा म्हणाली.

"आत्या, देवच समज त्याला," हर्षद म्हणाला.

बोलण्यात माणसाने जरा हात राखून असावं, ते यासाठीच!

खंडेनवमीचा दिवस उजाडला. पिस्टन बसले होते, वरचं झाकण तेवढं चढवायचं बाकी होतं. त्याखाली घालायचं गॅस्केट आणायला हर्षद भांडुपला निघाला आणि चपला घालता घालता म्हणाला, "आत्या, आज हत्यारांची पूजा ना? इंजिनालाही एक फूल वाहा हां."

एक फूल! मालवणच्या बाईला सांगतोय, एक फूल!

तो परत आला तेव्हा घरात उदबत्तीचा धूर कोंडला होता. इंजिनावर झाकलेलं फडकं काढून त्याची नीट घडी घातलेली होती. चारही सिलिंडर काठोकाठ पाण्याने भरलेले. प्रत्येकात सुपारी, नाणं, हळदकुंकू आणि आंब्याची पानं. आणि चारही तोंडांवर एकेक नारळ, शेंडी वर करून, बसवून घेतल्यासारखा!

हर्षदच्या हातातलं गॅस्केट खाली पडलं.

"आत्या! हे काय केलंस?"

"कलश मांडलंय," आत्या समाधानाने म्हणाली. "चार भोकां बघितलंय आणि माकाच कळला. नारळ बघ, कसे मापात बसले!"

"अगं, पाणी! आत पाणी गेलं! काढ, काढ आधी!"

"मांडलेलो कलश हलवतंस? मेल्या, उद्या सोना लुटून झाला की उत्तरपूजा. तोपर्यंत हात लावशीत तर माझ्याशी गाठ आसा!"

हर्षदने आशेने जान्हवीकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती.

संध्याकाळपर्यंत ही बातमी चारही मजल्यांवर गेली. बायका हळदीकुंकवाला म्हणून आल्या आणि जाताना इंजिनावर मूठ मूठ अक्षता टाकून गेल्या. नाडकर्णीकाकूंनी ओटीही भरली. खुद्द सुबोधराव आले, चपला दाराबाहेर काढून हात जोडून उभे राहिले आणि डोळे उघडल्यावर म्हणाले, "प्रसन्न वाटलं. पण कुबल, उद्याचं लक्षात आहे ना?"

हर्षदला त्या रात्री झोप लागली नाही. गाडीवर त्याचा जीव होता हो! लग्न ठरलं तेव्हा जान्हवीला पहिल्यांदा फिरवलं ते याच गाडीतून. आणि आता ती भंगारात जाणार? आणि पहाटे पहाटे त्याला युक्ती सुचली. गाडी गेटबाहेर जाऊन परत यायला हवी ना? मग इंजिन हवंच असं कोण म्हणतं? ढकलून न्यायची, ढकलून आणायची!

दसऱ्याला दुपारी सगळी सोसायटी खाली जमली. आत्याने गाडीला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. पोटातलं ओझं गेल्याने गाडी नाक वर करून उभी होती. हर्षद स्टिअरिंगवर बसला, झेंडूचा हार नीट केला आणि ओरडला, "ढकला रे!"

पोरांनी ढकललं. लिंबं फुटली, गाडी गेटबाहेर पडली, टाळ्यांचा कडकडाट झाला! हर्षदने ऐटीत हात हलवला आणि ब्रेक दाबला.

आता, गाडीच्या ब्रेकला जोर इंजिनाकडून मिळतो. हे व्हिडिओत होतं. हर्षदने तेवढा भाग पुढे ढकलला होता.

पेडल दगड झालं होतं आणि पुढे होता उतार. त्या गल्लीच्या उतारावर गाडी असली सुटली, असली सुटली, की तरुणपणीही कधी पळाली नसेल! भाजीवाले पळाले, कुत्री पळाली. हर्षद दोन्ही पाय ब्रेकवर रोवून जवळजवळ उभा राहिला, तेव्हा कुठे ती नाक्यावर, भर चौकात, हवालदाराच्या पुढ्यात थांबली.

"चल, सुरू कर आणि बाजूला घे," हवालदार म्हणाला.

"होणार नाही, साहेब."

"का? इंजिनात काय झालं?"

"इंजिन घरी आहे."

"घरी? काय करतंय घरी?"

"पूजेला बसलंय," हर्षद म्हणाला.

हवालदाराने पावतीपुस्तक काढलं, हर्षदच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुस्तक पुन्हा खिशात घातलं. असल्या माणसाला दंड तरी कसला करायचा? एकट्याने गाडी कडेला ढकलण्यात हर्षदचा तासभर गेला, मग त्याने घाईघाईने घरी फोन लावला. आत्याने उचलला.

"आत्या, पोरांना पाठव! गाडी वर ढकलायचीय. जागा जाईल माझी!"

"पोरा खंयची? सगळी श्रीखंडपुरीर बसली हत. आणि जागा गेली रे झिला. तुझी गाडी दिसना नाय, म्हणान सुबोधान यज्ञेशाची नवी गाडी थंय लावूक सांगितली. मीच ओवाळलंय."

"तू ओवाळलंस?"

"दसऱ्याचो दिवस. नको कसा म्हणतलंय?" आत्या क्षणभर थांबली आणि मग तिचा आवाज कौतुकाने भरून आला. "पण गाडी बरी आसा हां. इंजिन आतच आसा तिचा."