आंब्याखालचे साहेब

आपल्या आयुष्यात आजवर काहीही घडलेलं नाही, हे श्रीनिवासराव सेलूकरांच्या लक्षात आलं ते मे महिन्यातल्या एका रविवारी, पोहे खाताना. तोपर्यंत त्यांना तशी शंकाही आली नव्हती. वजनमापे खात्यात वरिष्ठ लिपिक, सिडकोत स्वतःचं घर, घरात एक बायको, एक मुलगी आणि एक कूलर, एवढ्यावर माणसाचं चांगलं चालतं. पण कॉलनीतल्या वाचनालयाने उन्हाळी वाचनमेळा जाहीर केला आणि सगळा घोटाळा झाला.

सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायचं, मजा करायची आणि शेवटच्या दिवशी व्यासपीठावर येऊन आपल्या कुटुंबाचा एक खराखुरा अनुभव गोष्टीसारखा सांगायचा, अशी ती स्पर्धा होती. वाचनालयाच्या दारावर फलक लागला होता, 'अनुभव वेचा, गोष्ट रचा.' तो वाचल्यापासून श्रीनिवासरावांना कूलरपुढेही घाम येऊ लागला.

"मीनाक्षी, आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे गं?"

मीनाक्षीबाई कादंबरी वाचत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे."

"त्यात कथानक नाही."

"मग तुमची बढती हुकली ते सांगा."

"तो अनुभव नव्हे. ते न घडलेलं आहे."

नववीतून दहावीत गेलेली मृण्मयी सोफ्यावर आडवी पडून हे ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, आपण लई बोर लोक आहोत. सरळ सांगून टाका ना स्टेजवर."

हे मात्र श्रीनिवासरावांना लागलं. अनुभव आपल्याकडे येत नसेल तर आपण अर्ज घेऊन त्याच्याकडे गेलं पाहिजे, असं त्यांच्या सरकारी मनाने ठरवलं. बेत तयार झाला. एसटीने एखाद्या अनोळखी गावाला जायचं, अनोळखी शेतात झाडाखाली बसायचं आणि दिवसभर पुस्तकं वाचायची. फोन घरी ठेवायचे, कारण फोन असला की अनुभव बिचकतो.

"अहो, बाहेर ऊन किती आहे!" मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"उन्हाशिवाय अनुभव पिकत नाही," श्रीनिवासराव म्हणाले. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

देवगाव रंगारीच्या अलीकडच्या एका फाट्यावर सेलूकर कुटुंब एसटीतून उतरलं तेव्हा सगळं रान नांगरून तापत पडलं होतं. लांबवर एकच डेरेदार आंबा दिसत होता. त्याखाली कोणी नव्हतं. तिघं तिथे पोहोचली आणि श्रीनिवासरावांनी पिशवीतून मृण्मयीच्या गाण्याच्या क्लासचा तीन पायांचा स्टँड काढला. मानेच्या दुखण्यामुळे त्यांना पुस्तक हातात धरून वाचता येत नसे. त्यांनी स्टँड उभा केला, त्यावर पुस्तक ठेवलं आणि वाकून, एक डोळा बारीक करून अक्षरं दिसतात का ते पाहिलं. पण आंब्याच्या पानांतून उन्हाचा एक कवडसा नेमका पुस्तकावर येत होता. तो अडवायला त्यांनी मृण्मयीला लाल छत्री देऊन बांधाकडे पाठवलं.

"अजून थोडी डावीकडं! आता मागं जा! हां, तिथंच थांब, हलू नको!"

शेजारच्या वावरात धोंडिबा खुरपं घेऊन उभा होता. त्याने आयुष्यात तीन पायांचं यंत्र, त्यातून एक डोळा मिटून पाहणारा माणूस आणि लांब लाल निशाण धरून उभा राहिलेला दुसरा माणूस हे एकत्र एकाच कामासाठी पाहिलं होतं, मोजणीसाठी. त्याने खुरपं टाकलं आणि तो आंब्याचे मालक करीमभाई यांच्या घराकडे पळत सुटला.

थोड्याच वेळात धोंडिबाबरोबर करीमभाई पाण्याची कळशी घेऊन आले. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर फार मोठी अदब.

"सलाम साहेब. उन्हात कामून आले? आधी कळवलं असतं तर मंडप टाकला असता."

"नको नको, आम्ही आपले सहज आलोय. झाडाखाली बसलो तर चालेल ना?"

"झाड तुमचंच हाय. साहेब सरकारी का?"

श्रीनिवासराव खोटं बोलत नसत. "हो, तसा आहे सरकारी नोकरीत."

"कोन्तं खातं?"

"वजनमापे."

करीमभाईंनी धोंडिबाकडे पाहिलं. धोंडिबाने करीमभाईंकडे पाहिलं. वजनाचं काय ते त्यांना कळलं नाही, पण मापं म्हटल्यावर सगळं कळलं.

"म्हंजे रस्ता आला म्हना की!" धोंडिबा म्हणाला.

"रस्ता? कुठला रस्ता? माझा रस्त्याशी काही संबंध नाही. मी पुस्तक वाचतोय."

"व्हय व्हय," धोंडिबा समजुतीने म्हणाला. "पल्याडच्या गावात साहेब आले, ते बी म्हनले, मी पक्षी बघायलोय. पावसाळ्याच्या आत मशीन आली नं डांबर पडलं."

आता रस्ता येणार म्हटलं की शेतकरी घाबरतो, अशी श्रीनिवासरावांची समजूत होती. वर्तमानपत्रात तसंच येतं. म्हणून त्यांनी दिलासा दिला, "घाबरू नका. तुमच्या शेतातून काही रस्ता जाणार नाही."

दोघांचेही चेहरे पडले.

"असं कसं साहेब?" धोंडिबा रडवेला झाला. "माझं वावर काय वाईट हाय? खडकाळ हाय, काही पिकत नाय, रस्त्यासाठी एक नंबर! पल्याडच्यांना मोबदला भेटला, त्यांनी माडी बांधली. आम्ही काय पाप केलंय?"

हळूहळू बातमी गावात गेली आणि गाव आंब्याखाली आलं. साहेबांसाठी खाट आली, उशी आली. करीमभाईंच्या बायकोने, सगीराबींनी, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पातेलंभर आमरस पाठवला. श्रीनिवासराव प्रत्येकाला सांगत होते की मी तो नव्हे, आणि प्रत्येक जण मान डोलवून शेजारच्याला सांगत होता, "लई पक्के हायत. ताकास तूर लागू देत नाय."

या गर्दीत मीनाक्षीबाई बुंध्याला टेकून कादंबरी वाचत होत्या. "बाईसाहेब नोंदी तपासायल्या," असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा त्यांनी फक्त पान उलटलं. त्या दिवशी सेलूकर कुटुंबात जे काही वाचन झालं ते एवढंच.

इथपर्यंत श्रीनिवासरावांची चूक नव्हती. पण वजनमापे खात्यात जन्म गेला तरी त्यांना कोणी कधी खाटेवर बसवून पंख्याने वारा घातला नव्हता. आमरसाची तिसरी वाटी संपेपर्यंत त्यांचं 'मी तो नव्हे' थोडं मंद झालं. पाठ थोडी ताठ झाली. तेवढ्यात धोंडिबाने येऊन पायच धरले.

"साहेब, रस्ता माझ्याच वावरातून काढा. एवढं कराच."

आणि रसाने भरलेल्या तोंडाने श्रीनिवासराव म्हणाले, "बघू."

सरकारी कचेरीत 'बघू' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा होतो. श्रीनिवासरावांनी तो आयुष्यभर त्याच अर्थाने वापरला होता. पण कचेरीच्या खिडकीबाहेर उभा असणारा माणूस त्याचा अर्थ वेगळा लावतो. धोंडिबाने आनंदाने आरोळी ठोकली आणि तो वावराकडे धावला. शेतात फळझाडं असली की मोबदला वाढतो, हे आता पोरासोरांनाही माहीत आहे. बघता बघता त्याच्या खडकाळ रानात कुदळी पडू लागल्या आणि एक टेम्पो चिकूची रोपं आणायला कन्नडच्या रोपवाटिकेकडे सुटला. भर मे महिन्यात!

करीमभाई मात्र खाटेजवळ उभे राहिले. त्यांची अदब गेली होती.

"साहेब, हे काय इन्साफ झाला? आंबा माझा खाल्ला आन् रस्ता धोंडिबाला?"

"अहो, मी रस्ता कोणालाच दिलेला नाही!"

"आत्ता सगळ्यांसमोर बघू म्हनले की! मग हे मशीन हितून हलणार नाय. आधी माझ्या बांधावरून मोजा." असं म्हणून त्यांनी स्टँड उचलून काखोटीला मारला. स्टँडवरचं पुस्तक खाली पडलं. ते कोणी पाहिलंही नाही. धोंडिबाची माणसं कुदळी घेऊनच परत आली आणि म्हणाली, मोजणी झाली ती झाली, आता मशीनला हात लावायचा नाय. कोणीतरी कोणाचा तरी सदरा धरला. पिढ्यान्‌पिढ्या एका बांधावर बसून भाकर खाणारी ती माणसं गाण्याच्या क्लासच्या स्टँडवरून एकमेकांच्या अंगावर जायला निघाली, हे पाहून श्रीनिवासराव हातातली वाटी ठेवून खाटेवरून उठले. त्यांना बोलायचं होतं, पण आवाज फुटेना. आणि फुटून तरी काय, त्यांचं खरं तिथे कोणी ऐकत नव्हतं.

तेव्हा मृण्मयी छत्री मिटून मध्ये घुसली.

"काका, थांबा! मशीन तापलंय. तापलेल्या मशीनची मोजणी खोटी येते. आजचं सगळं रद्द!"

सगळे थबकले. हे मात्र सगळ्यांना पटलं, कारण मोटारही तापली की बंद पडते.

"म्हंजे माझी बी रद्द?" धोंडिबाने विचारलं.

"सगळ्यांचीच. पुन्हा पहिल्यापासून. थंडीत."

भांडण जागच्या जागी मिटलं. करीमभाईंनी रुमालाने पुसून स्टँड परत दिला. धोंडिबाने स्वतःच्या ट्रॅक्टरवरून साहेबांना सहकुटुंब फाट्यावर सोडलं आणि करीमभाईंनी सोबत एक पोतं आंबे दिले.

"खोटं बोललीस तू," एसटीत बसल्यावर श्रीनिवासराव मुलीला म्हणाले.

"तुम्ही दिवसभर खरं बोलत होता बाबा. काय उपयोग झाला?"

श्रीनिवासरावांनी आंब्यांचं पोतं पायाखाली ओढलं. त्यावर पाय ठेवून बसल्या बसल्या त्यांना जाणवलं की आपल्याला अनुभव आलेला आहे. चांगला पोतंभर आला आहे. पुढचे काही दिवस ते आरशासमोर त्याची गोष्ट रचत होते आणि रोज ती थोडी सुधारत होती. मेळ्याच्या दिवसापर्यंत तिच्यात भांडण मिटवणारे तेच झाले, आणि शेतकऱ्यांना भूसंपादनाबद्दल मार्गदर्शनही त्यांनीच केलं.

वाचनालयाच्या सभागृहात गर्दी होती. श्रीनिवासरावांच्या आधी निलोफर नावाच्या तरुण शिक्षिकेचा नंबर होता. ती कॉलनीतच भाड्याने राहत होती. माईक हातात घेऊन ती म्हणाली, "माझं माहेर देवगाव रंगारीकडचं. मागच्या महिन्यात आमच्या आंब्याखाली एक साहेब आले."

श्रीनिवासरावांनी बायकोचा हात धरला.

"साहेब तीन पायांच्या मशीनवर पुस्तक ठेवून वाचत होते. आमचे अब्बा फोनवर म्हणाले, बघ, सरकार किती हुशार, रस्त्याचा नकाशा पुस्तकात लपवून आणलाय!" सभागृह हसलं. "साहेब म्हणत होते, मी तो नाही, मी तो नाही. असं म्हणत म्हणत त्यांनी एवढा आमरस खाल्ला की अम्मीला शेजारून पातेलं आणावं लागलं. मग भांडण लागलं आणि साहेबांची बोलतीच बंद. शेवटी त्यांच्या पोरीने सगळ्यांना सोडवलं. धोंडिबाचाचांच्या रानात चिकूची इतकी रोपं लागलीत, की गावातल्या शेळ्या रोज साहेबांना दुवा देतात!"

लोक पोट धरून हसत होते. त्यात सगळ्यात मोठ्याने मृण्मयी हसत होती. टाळ्या थांबेनात, तोच संयोजकांनी पुकारलं, "आता श्रीनिवास सेलूकर आणि कुटुंब!"

श्रीनिवासराव माईकसमोर उभे राहिले. आरशासमोर रचलेली गोष्ट आता सांगणं शक्य नव्हतं. न बोलता खाली उतरता आलं असतं. पण का कोण जाणे, त्यांनी आयुष्यात प्रथमच सभेत स्वतःची फजिती कबूल करायचं ठरवलं.

"आत्ता ज्या साहेबांची गोष्ट ऐकलीत," ते म्हणाले, "ते साहेब म्हणजे मीच."

हशा झाला. परीक्षकांनी मात्र चष्मा काढला. "सेलूकर, कल्पना गमतीची आहे. पण इथे स्वतःचा खरा अनुभव सांगायचा आहे. आधीच्या स्पर्धकाचा उचलायचा नाही."

"पण तो माझाच आहे हो!" श्रीनिवासरावांची नजर सभागृहभर फिरली आणि तिसऱ्या रांगेत त्यांना पांढरी दाढी दिसली. लेकीचं कौतुक ऐकायला करीमभाई गावाहून आले होते. "करीमभाई! तुम्ही सांगा यांना. मीच होतो ना?"

करीमभाई उभे राहिले. त्यांनी श्रीनिवासरावांना खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं.

"नाय," ते म्हणाले. "ते साहेब लई उंच होते. आन् रुबाबदार."

सेलूकर कुटुंब स्पर्धेतून बाद झालं. पहिलं बक्षीस निलोफरला मिळालं. कार्यक्रम संपल्यावर श्रीनिवासराव मान खाली घालून स्कूटरकडे चालले होते, तेव्हा मागून कोणीतरी त्यांची बाही ओढली. करीमभाई होते.

"साहेब, राग नका मानू. चारचौघांत तुम्हाला वळखून कसं चालंल? तुमचं काम गुपित. वर कळलं असतं तर तुमच्याच नोकरीला धोका." त्यांनी मागेपुढे पाहिलं आणि तोंड श्रीनिवासरावांच्या कानाजवळ नेलं. "आता हितं कोनी नाय. खरं सांगा, रस्ता कुनाच्या वावरातून चाललाय?"

श्रीनिवासरावांनी करीमभाईंकडे पाहिलं. त्या डोळ्यांत त्यांच्याविषयी अजूनही केवढा तरी आदर होता. मघापासून वाकलेली त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली. त्यांनी कॉलर नीट केली आणि घसा खाकरला.

"मृण्मयी," मीनाक्षीबाई स्कूटरला किक मारत ओरडल्या, "पळ, आधी बाबांचं तोंड धर!"